पेट स्कॅनला जाण्याआधी: आदल्या दिवसापासून रिपोर्ट हाती येईपर्यंत

पेट स्कॅनची तारीख मिळाली की सेंटर एक छापील कागद हातात देतं. सहा तास उपाशी या, जुने रिपोर्ट आणा, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करून आणा, एवढं त्यावर असतं. नियम असतात, कारणं नसतात, आणि कारण ठाऊक नसलं की नियम नेमका नको तिथे मोडला जातो. पेशंट जेवत नाही, पण अर्धा कप चहा घेतो. चहाही टाळतो, पण घसा खवखवतो म्हणून खोकल्याची गोळी चघळत येतो. या तपासणीत पेशंटच्या तयारीचा वाटा मशीनइतकाच मोठा आहे. म्हणून इथे प्रत्येक सूचनेबरोबर तिचं कारणही दिलं आहे.

स्कॅनमध्ये दिसतं काय

नेहमीच्या पेट स्कॅनला एफडीजी नावाचं औषध शिरेतून देतात. हा ग्लुकोजसारखाच रेणू असतो आणि त्याला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेलं असतं. पेशी त्याला साखर समजून आत घेते, पण पुढे त्याचा वापर करता येत नाही, त्यामुळे तो आतच अडकून राहतो. जिथे साखर जास्त खेचली जाते तिथे तो जास्त साठतो आणि फोटोत ती जागा चमकते. बरेचसे कॅन्सर भरपूर साखर खेचतात, यावरच ही तपासणी उभी आहे. पण साखर फक्त कॅन्सर खात नाही. मेंदू खातो, हृदय खातं, काम करणारा स्नायू खातो, जंतुसंसर्गाची जागाही खाते. पेशंटला दिलेल्या सगळ्या सूचनांचा हेतू एकच असतो: बाकीच्यांनी त्या दिवशी कमीत कमी साखर खेचावी, म्हणजे गाठ उठून दिसेल.

पेटबरोबर त्याच टेबलावर सीटी स्कॅनही होतो. साखर कुठे खेचली जाते ते पेट दाखवतं आणि ती जागा शरीरात नेमकी कुठली ते सीटी. म्हणून कागदावर बहुतेक वेळा ‘पेट-सीटी’ असं लिहिलेलं असतं.

फ्लोरिन-१८ची ताकद दर ११० मिनिटांनी निम्मी होते. त्यामुळे हे औषध साठवून ठेवता येत नाही. सायक्लोट्रॉन नावाच्या मोठ्या यंत्रात ते त्याच दिवशी तयार होतं, शिशाच्या डब्यातून गाडीने सेंटरवर येतं आणि त्या दिवशीच्या पेशंटना वाटून संपतं. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये परळला, टाटा हॉस्पिटलच्या आवारातल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. आज मुंबईत पेट स्कॅनची बरीच सेंटर्स आहेत, पण त्यांतल्या अनेकांकडे औषध बाहेरूनच येतं. एखाद्या दिवशी सायक्लोट्रॉन अडला, तर सगळ्या अपॉइंटमेंट पुढे जातात. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी परतीचं तिकीट स्कॅनच्याच रात्रीचं काढू नये. एक दिवस हाताशी ठेवावा.

तारीख घेण्याआधी मागच्या उपचारांच्या तारखा मोजा

लवकर तारीख मिळाली म्हणजे चांगलं झालं, असं दर वेळी नसतं. उपचारानंतर शरीरात सूज असते आणि सूजही चमकते. किमोनंतर किमान १० दिवस जाऊ द्यावेत. पुढची सायकल ठरलेली असेल तर तिच्या अगदी आधी स्कॅन करणं उत्तम. रेडिएशन, म्हणजे पेशंट ज्याला ‘लाइट’ म्हणतात, त्यानंतर साधारण दोन ते तीन महिने थांबावं लागतं. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरला १२ आठवडे हा ठरलेला अंदाज आहे. त्याआधी केलेल्या स्कॅनमध्ये भाजलेला, सुजलेला भाग आणि उरलेली गाठ यांत फरक करणं अवघड जातं, मग पेशंट विनाकारण पुन्हा तुकडा काढायला जातो. मोठ्या ऑपरेशननंतर सहा आठवडे सोडावेत.

पांढऱ्या पेशी वाढवायची इंजेक्शनं घेतली असतील तर हाडांमधला सगळा मगज चमकतो आणि हाडांत काही पसरलंय का, ते कळेनासं होतं. शेवटचं इंजेक्शन आणि स्कॅन यांत शक्यतो दोन आठवड्यांचं अंतर असावं. नुकतीच लस घेतली असेल तर त्या बाजूच्या काखेतल्या गाठी काही आठवडे चमकू शकतात. लस कुठल्या दंडात आणि कधी घेतली, एवढं सांगितलं तरी डॉक्टर त्याप्रमाणे वाचतात.

ही अंतरं मोडायची वेळ कधी कधी येते. आजार वेगाने वाढत असेल तर डॉक्टर थांबणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. फक्त तारखा फॉर्मवर लिहिलेल्या असल्या पाहिजेत.

फोनवरच सांगून टाका

काही गोष्टी काउंटरवर पोचल्यावर सांगितल्या तर उशीर झालेला असतो, कारण तुमच्या नावाचा डोस तोवर मागवलेला असतो. मधुमेह आणि इन्सुलिन, गरोदर असण्याची शक्यता, अंगावर पिणारं बाळ, किडनीचा त्रास किंवा डायलिसिस, कॉन्ट्रास्टची (सीटी स्पष्ट दिसावा म्हणून शिरेतून देतात त्या औषधाची) पूर्वी आलेली ॲलर्जी, पाठीवर २५ मिनिटं सरळ झोपता न येणं, बंद जागेची भीती, आणि पेशंटचं वजन. हे सगळं तारीख घेतानाच सांगा. डोस वजनावर ठरतो. मोठ्या माणसाला तो साधारण ५ ते १० मिलिक्युरी असतो.

गरोदरपणाची जराशी शंका असली तरी आधी चाचणी करावी. पाळी चालू असणाऱ्या बायकांनी शेवटच्या पाळीची तारीख सांगावी. याला आणखी एक कारण आहे: पाळीच्या दिवसांत गर्भाशय आणि महिन्याच्या मध्यावर अंडाशय नैसर्गिकपणेच चमकू शकतात.

थायरॉइडच्या कॅन्सरसाठी पुढे रेडिओआयोडीन उपचार ठरलेला असेल तर ते जोर देऊन सांगा. सीटीच्या कॉन्ट्रास्टमध्ये आयोडीन असतं. ते शरीरात भरलं की पुढचे काही आठवडे उपचाराचं आयोडीन नीट शोषलं जात नाही. अशा पेशंटचा स्कॅन कॉन्ट्रास्टशिवाय करता येतो, पण सांगितलं नाही तर टेक्निशियनला ते कळणार कसं?

प्रोस्टेटसाठी पीएसएमए आणि न्यूरोएंडोक्राइन (हॉर्मोन बनवणाऱ्या पेशींच्या) गाठींसाठी डोटाटेट किंवा डोटानॉक अशी वेगळी औषधं वापरतात. त्यांचा साखरेशी संबंध नसतो, त्यामुळे या लेखातले उपाशी राहण्याचे नियम त्यांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. हृदयासाठीचा पेट स्कॅन असेल तर नियम चक्क उलटे असू शकतात. हृदयाचा स्नायू जिवंत आहे का, हे बघताना मुद्दाम साखर देतात. हृदयातली सारकॉइडोसिसची सूज बघताना आदल्या दिवशी भरपूर स्निग्ध आणि जवळजवळ पिठूळ पदार्थांशिवाय जेवण देऊन १२ तास किंवा जास्त उपाशी ठेवतात. शेजारच्याने त्याच्या स्कॅनला काय केलं, ते ऐकून तयारी करू नका. तुमच्या कागदावर कुठला स्कॅन लिहिलाय, ते आधी वाचा.

आदला दिवस

आदल्या दिवशी अंगमेहनत नको. जिम, धावणं, पोहणं तर नाहीच, पण मुंबईत त्याहून मोठी मेहनत प्रवासाची असते. विरारहून उभ्याने लोकल, प्रभादेवी-परळचे जिने, हातात सामानाची पिशवी, असं झालं की दंड, पाठ, मांड्या यांचे स्नायू दुसऱ्या दिवशीही साखर खेचत राहतात. कोकणातून किंवा देशावरून येणाऱ्यांनी रात्रीच्या गाडीने येऊन सकाळी थेट मशीनवर जाऊ नये. शक्य असेल तर एक दिवस आधी पोचावं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या आसपास उतरलेल्यांनी त्या दिवशी बाकीच्या रांगा आणि खेपा नातेवाइकांवर सोपवाव्यात.

रात्रीच्या जेवणात भात, पोळी, भाकरी, बटाटा, साबुदाणा, गोड पदार्थ आणि फळं कमी ठेवा. अंडी, मासे, चिकन, पनीर, पालेभाज्या, काकडी चालतात. जेवण लवकर उरका आणि पोटभर जेवा, कारण उद्या दुपारपर्यंत काही मिळायचं नाही. पिठूळ पदार्थ कमी करण्याचा फायदा मुख्यतः छातीच्या स्कॅनला होतो. साखर कमी मिळाली की हृदय चरबीवर चालू लागतं, चमकणं कमी होतं आणि त्याला लागून असलेल्या गाठी झाकल्या जात नाहीत.

दारू नको. रात्री झोप पुरी करा.

उपाशी म्हणजे किती उपाशी

किमान चार तास लागतात, आणि बहुतेक सेंटर्स सहा तास सांगतात. सकाळचा नंबर असेल तर रात्रीच्या जेवणानंतर काहीच नाही. या वेळात साधं पाणी प्यायचं, आणि ते मुद्दाम प्यायचं. अर्धा ते एक लिटर पाण्याने शिरा सुईसाठी नीट सापडतात आणि औषधाचा नको असलेला भाग लघवीवाटे निघून जातो.

पाण्याखेरीज बाकी सगळं अन्नच धरा. बिनसाखरेचा चहासुद्धा नको, कारण त्यात दूध असतं. शहाळं, ताक, लिंबू सरबत, ओआरएस, ग्लुकॉन-डी यांत साखर आहे. संकष्टी किंवा गुरुवार आलाच, तर उपवासाचं म्हणून साबुदाणा, वऱ्याचे तांदूळ, केळं, राजगिऱ्याचा लाडू खाऊन येऊ नका. यांच्यात पोळीभाजीपेक्षाही जास्त साखर-पिष्ट आहे. खोकल्याचं सिरप आणि चघळायच्या गोळ्या साखरेच्याच असतात. च्युइंगगम बिनसाखरेचा असला तरी चावताना जबड्याचे स्नायू काम करतात आणि फोटोत दोन्ही गालांवर चमक येते. सुपारी, पान, तंबाखू यांचंही तेच. तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटला हे जास्तच नडतं, कारण डॉक्टरांना बघायची असते तीच जागा भलत्या कारणाने उजळते.

ज्यांना नाकातल्या नळीतून किंवा पोटावरच्या नळीतून खाणं जातं, त्यांच्या घरच्यांनी विशेष लक्ष द्यावं. नळीतून गेलेलं दूध, पेज, प्रोटीन पावडर हे सगळं जेवणच आहे आणि तेही सहा तास बंद ठेवायचं. नळी साध्या पाण्याने धुवायला हरकत नाही. वॉर्डात भरती पेशंटला डेक्स्ट्रोजचं सलाइन चालू असेल तर सिस्टरला सांगून ते वेळेत बदलून घ्या. पेशंट उपाशी असतो, पण शिरेतून साखर चालूच असते. हे फार वेळा राहून जातं.

रक्तदाब, थायरॉइड, फिट्स यांच्या गोळ्या नेहमीच्या वेळी घोटभर पाण्याबरोबर घ्याव्यात. दुखण्याची गोळीही घ्यावी. वेदनेने अंग ताठ राहिलं, तर त्याचे दोष फोटोत उतरतात.

मधुमेह असेल तर

पेशंटला परत पाठवायची वेळ जास्तीत जास्त इथेच येते, म्हणून थोडं सविस्तर.

सेंटरवर पोचल्यावर बोटातून रक्त काढून शुगर बघतात. ती २०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर सहसा औषध देत नाहीत. काही सेंटर्स १५० किंवा १८० लाच थांबतात. कारण साधं आहे. रक्तात खरी साखर भरपूर असली की तिच्यापुढे एफडीजीला पेशीत शिरायला जागा मिळत नाही, गाठ फिकी दिसते आणि छोटी गाठ नजरेतून सुटू शकते.

शुगर जास्त आली की पेशंट म्हणतो, “इन्सुलिन घेऊन टाकतो, पटकन खाली येईल.” आकडा खाली येईल, पण स्कॅन बिघडेल. इन्सुलिन साखरेला स्नायूंत ढकलतं आणि तिच्याबरोबर एफडीजीलाही. मग फोटोत हातपाय, पाठ, हृदय सगळं उजळतं आणि गाठीला औषधच उरत नाही. म्हणून झटपट काम करणारं इन्सुलिन आणि एफडीजी यांत किमान चार तास, साध्या रेग्युलर इन्सुलिनला सहा तास अंतर हवं. रात्री घ्यायच्या लांब पल्ल्याच्या इन्सुलिनचं काय करायचं, ते तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना आधीच विचारून लिहून घ्या. स्वतःच्या मनाने बंद करू नका.

इन्सुलिन घेणाऱ्यांना बहुतेकदा सकाळी उशिराची किंवा दुपारची वेळ सोयीची पडते. सकाळी सातच्या आत नेहमीचं इन्सुलिन, त्यावर हलकी न्याहारी, आणि मग चार-सहा तास फक्त पाणी, असं गणित बसवता येतं. तारीख देणाऱ्याला “मी इन्सुलिनवर आहे” एवढं सांगितलं की तो त्याप्रमाणे वेळ देतो.

मेटफॉर्मिनचा प्रश्न वेगळा. ते शुगर काबूत ठेवतं, पण आतडी जोरात चमकवतं. पोटातला किंवा आतड्याचा आजार बघायचा असेल तर डॉक्टर ४८ तास आधी ते बंद करायला सांगतात. ग्लायकोमेटसारख्या नावाने ते एकटं मिळतं, आणि एकत्रित गोळ्यांमध्येही असतं. नावापुढे ‘एम’ किंवा ‘मेट’ दिसला तर पाकिटावरचा मजकूर वाचा. किडनी कमजोर असेल आणि कॉन्ट्रास्ट दिला गेला, तर ते पुन्हा कधी सुरू करायचं तेही विचारा.

किमोबरोबर किंवा उलटी थांबायला दिलेल्या स्टेरॉइडने शुगर दोन-तीन दिवस चढलेली राहते. मधुमेह नसलेल्यांचीही. हे माहीत असलं की स्कॅनची तारीख त्या दिवसांत पडू देत नाहीत.

आणि उलट बाजू: उपाशीपोटी घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर स्कॅनचा विचार न करता लगेच साखर घ्या आणि स्टाफला सांगा. स्कॅन दुसऱ्या दिवशी होतो.

घरातून निघताना

डॉक्टरांची चिठ्ठी, ओळखपत्र, अलीकडचा क्रिएटिनिन रिपोर्ट, तुकडा तपासणीचा रिपोर्ट, ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, किमो आणि रेडिएशनच्या तारखा, चालू औषधांची यादी. जुना पेट किंवा सीटी झालेला असेल तर त्याची सीडी हवी, नुसती फिल्म नको. फिल्मवर निवडक चित्रं असतात. सीडीवरून डॉक्टर दोन्ही स्कॅन शेजारी लावून तीच गाठ मोजून बघतात, आणि ‘वाढली की कमी झाली’ याचं उत्तर तिथेच मिळतं.

कपडे सैल, जाडसर आणि शक्यतो धातूची बटणं-चेन नसलेले. शाल आणि मोजे घ्या, मे महिन्यात सुद्धा. सेंटरच्या एसीत अंग गार पडलं की मानेत, खांद्यांवर आणि मणक्याच्या कडेला असलेली तपकिरी चरबी उष्णता तयार करायला लागते आणि त्यासाठी साखर खेचते. हंसळीच्या वर दोन्ही बाजूंना चमकणारे पट्टे दिसतात, आणि नेमक्या तिथेच लिंफच्या गाठीही असतात. बारीक आणि तरुण पेशंटमध्ये हे जास्त होतं. येताना गाडीतही एसी मंद ठेवा.

मंगळसूत्र, बांगड्या, करगोटा, कानातलं घरीच ठेवणं बरं. पेसमेकर, गुडघ्यातला सांधा, हाडातला रॉड असला तरी पेट-सीटी करता येतो. हे एमआरआयसारखं नाही. फक्त सांगून ठेवा.

वेळेच्या आधी पोचा. ११० मिनिटांत औषध निम्मं होतं, त्यामुळे दीड-दोन तासांचा उशीर म्हणजे तुमच्या डोसचा मोठा भाग हवेतच गेला. पावसाळ्यात परळला जायचं असेल तर हिंदमाताला पाणी तुंबलेलं असू शकतं हे धरून निघा, आणि उशीर होतोय असं दिसताच फोन करा. कळवलं तर तुमच्या जागी दुसऱ्याला घेऊन तुम्हाला नंतरचा नंबर देता येतो.

तीन-चार तास मोडतील असं धरा. सोबत एकच माणूस आणा. गरोदर बाई किंवा लहान मूल नको.

सुई आणि त्यानंतरचा तास

आधी शिरेत कॅन्युला, म्हणजे बारीक नळी, लावतात. एका स्तनाचं ऑपरेशन झालेलं असेल तर दुसऱ्या बाजूच्या हाताला लावायला सांगा. कॅन्युलातून साधं सलाइन सोडून ती शिरेतच आहे ना, हे बघतात, मग जाड धातूच्या आवरणातल्या सिरिंजमधून एफडीजी देतात आणि पुन्हा सलाइनने नळी धुतात. औषधाचं प्रमाण जेमतेम काही मिलिलिटर, आणि अंगाला काहीच जाणवत नाही. जळजळ झाली, दुखलं किंवा फुगवटा आला तर त्याच क्षणी बोला. औषध शिरेबाहेर सांडलं, तर डोस कमी पडतोच, शिवाय ते काखेतल्या गाठीत जाऊन बसतं आणि ती गाठ आजारी असल्यासारखी चमकते. फॉर्मवर ‘उजव्या हाताला थोडं बाहेर गेलं’ अशी नोंद असेल तर रिपोर्ट लिहिणारा फसत नाही.

त्यानंतर ४५ ते ६० मिनिटं एका शांत खोलीत बसवतात किंवा झोपवतात. हा वेळ वाया जातोय असं वाटतं, पण औषध पेशींत जाऊन बसतं ते याच वेळात, आणि जो स्नायू काम करेल तो ते उचलेल. बोललात तर घशातली स्वरयंत्राची जागा चमकते. मोबाइल हातात धरून स्क्रोल करत राहिलात तर बोटं आणि कोपराखालचे स्नायू चमकतात. मान वाकडी ठेवून बसलात तर मानेचे. म्हणून फोन नातेवाइकाकडे द्या, पाय लांब करा, शाल ओढा, डोळे मिटा. थंडी वाजली तर संकोच न करता ब्लँकेट मागा. खोकला अनावर असेल किंवा गळ्याला ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी पाडलेलं भोक) असेल तर आधी कळवा.

नातेवाईक इथे बसत नाहीत. ते पेशंटला एकटं पाडण्यासाठी नसतं. पेशंटच्या अंगातून या तासात सर्वांत जास्त किरण बाहेर पडतात, आणि बरोबरच्याने ते विनाकारण घेऊ नयेत.

मशीनवर घेण्याआधी लघवीला पाठवतात. ठरलेल्या टॉयलेटमध्येच जा, पुरुषांनीही बसून करा, दोनदा फ्लश करा, हात धुवा. लघवीत औषध भरपूर असतं. कपड्यावर एक थेंब सांडला तरी फोटोत डाग उमटतो आणि तो हाडात आहे की बाहेर, असा घोळ होतो. सांडलं तर सांगा, कपडा बदलून देतात. लघवीची पिशवी लावलेली असेल तर ती रिकामी करून घ्या.

मशीनवर

टेबलावर पाठीवर झोपायचं, हात बहुधा डोक्याच्या वर. मशीन म्हणजे मोठी कडी. ती दोन्ही बाजूंनी उघडी असते आणि एमआरआयसारखा धडधडाट नसतो. आधी काही सेकंदांचा सीटी होतो. कॉन्ट्रास्ट दिला तर अंगातून गरम लाट जाते आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. ते मिनिटभरात जातं. श्वास लागला, खाज सुटली तर लगेच हाक मारा. मग पेटचे फोटो, साधारण १५ ते २५ मिनिटं, टेबल थोडं थोडं सरकत. नेहमी कवटीच्या तळापासून मांडीच्या मध्यापर्यंत. काही आजारांत डोक्यापासून पायापर्यंत.

श्वास संथ घ्या, हलू नका. सीटी आणि पेट एकमेकांवर बसवायचे असतात. मध्येच मान फिरवली तर गळ्यातली चमक शेजारच्या भलत्याच अवयवावर पडते. हात वर राहत नसतील तर सुरुवातीलाच सांगा, खाली ठेवून करता येतो. मधेच खाली घेण्यापेक्षा ते बरं.

संपल्यावर कधी कधी थांबवून, पाणी पाजून, अर्ध्या तासाने ठरावीक भागाचे फोटो पुन्हा घेतात. पुन्हा बोलावलं म्हणजे काहीतरी वाईट सापडलं, असं समजून घाबरू नका. बहुतेकदा आतड्याची किंवा मूत्रनळीची चमक जागेवरून हलते का, एवढंच बघायचं असतं.

घरी गेल्यावर

जेवा, भरपूर पाणी प्या, दर तासा-दीड तासाने लघवीला जा. सहा तासांत औषधाची ताकद साधारण एक दशांशावर येते, आणि लघवीतून जाणारं त्याशिवाय. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते जवळजवळ संपलेलं असतं. तेवढे सहा तास गरोदर बायका आणि लहान मुलांना मांडीवर घेणं, कुशीत झोपवणं टाळा. घरच्यांना जेवण वाढायला, बोलायला, एका घरात राहायला हरकत नाही. धर्मशाळेत एकाच खोलीत दुसरं कुटुंब असेल तर त्यांना सांगून थोडं लांब बसा.

परत जाताना जमलं तर टॅक्सी करा. लोकलचा दिव्यांगांचा डबा कॅन्सरच्या पेशंटना खुला आहे, म्हणून सहज तिकडे पाय वळतात, पण गरोदर बायकाही त्याच डब्यातून जातात. त्यांच्या शेजारी बसू नका. गर्दीत पाच मिनिटं उभं राहिल्याने कुणाला इजा होत नाही, पण टाळता येतं ते टाळावं.

अंगावर पाजणाऱ्या आईने स्कॅनआधी बाळाला पाजून दूध काढून ठेवावं. एफडीजी दुधात फारच थोडं उतरतं. प्रश्न दुधाचा नसून बाळ छातीशी धरण्याचा आहे. किती तास अंतर ठेवायचं ते सेंटर सांगतं. काही ठिकाणी १२ तास सांगतात. तोवर काढलेलं दूध दुसऱ्या कुणी पाजावं.

किरणांची भीती बऱ्याच जणांना असते. एफडीजीच्या नेहमीच्या डोसातून साधारण ५ ते ७ मिलिसिव्हर्ट इतका किरणोत्सार मिळतो आणि सीटीचा त्यात मिळवायचा. पूर्ण कॉन्ट्रास्ट सीटी असेल तर तो एफडीजीपेक्षा जास्तही भरतो. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. ज्याच्या उपचाराचा निर्णय या स्कॅनवर ठरणार आहे, त्याच्यासाठी हा धोका नक्कीच घेण्याजोगा आहे. ज्याला काहीही आजार नाही आणि ‘एकदा सगळं बघून घेऊ’ म्हणून स्कॅन करायचाय, त्याच्यासाठी अजिबात नाही. हेल्थ चेकअप म्हणून पेट स्कॅन करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

रिपोर्ट वाचताना

रिपोर्ट हातात पडला की सगळ्यांची नजर एसयूव्ही या आकड्यावर जाते. औषध किती साठलं याचं ते माप आहे, कॅन्सरची टक्केवारी नाही. अमुक आकड्याच्या वर कॅन्सर आणि खाली नाही, अशी रेघ मारता येत नाही. शुगर किती होती, इंजेक्शन आणि फोटो यांत किती मिनिटं गेली, मशीन कुठलं, यावर तो बदलतो.

मुंबईत एक गोष्ट सतत लक्षात ठेवावी लागते: क्षयरोग. टीबीच्या गाठी, फुप्फुसातला टीबीचा डाग कॅन्सरइतकाच तेजस्वी दिसू शकतो, आणि आकड्यावरून दोन्ही वेगळे करता येत नाहीत. पूर्वी टीबी झाला असेल, घरात कुणाला असेल, तर ते फॉर्मवर लिहा. छातीच्या मध्यात चमकणाऱ्या गाठी वाचून आजार पसरला असं घरच्या घरी ठरवू नका. तिथला तुकडा तपासूनच उत्तर मिळतं. दाताची किड, सायनस, नुकता झालेला न्यूमोनिया हेही चमकतात.

उलटही होतं. प्रोस्टेट, किडनी आणि यकृताचे काही कॅन्सर, काही संथ वाढणाऱ्या गाठी फारशा चमकत नाहीत. आठ मिलिमीटरपेक्षा लहान गाठ सुटू शकते. मेंदू स्वतःच इतकी साखर खातो की त्यातला छोटा डाग झाकला जातो, म्हणून मेंदूसाठी एमआरआय लागतो. स्कॅन स्वच्छ आला तरी डॉक्टर आणखी तपासणी सांगतात ते त्यामुळेच.

‘फिजिऑलॉजिकल अपटेक’ म्हणजे नैसर्गिक चमक, तिची काळजी नको. ‘एफडीजी-ॲव्हिड’ म्हणजे औषध खेचणारी जागा, इतकंच. लिंफोमाच्या, म्हणजे लिंफच्या गाठींच्या कॅन्सरच्या, रिपोर्टात डोव्हिल स्कोअर १ ते ५ असा असतो आणि छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या व यकृताच्या चमकेशी तुलना करून तो देतात. १ ते ३ सहसा चांगला समजतात, ४ आणि ५ ला पुढचा विचार करावा लागतो. शेवटचा ‘इम्प्रेशन’ हा भाग वाचा आणि बाकीचं डॉक्टरांसमोर बसून.

मेडिक्लेमसाठी चिठ्ठी, बिल आणि रिपोर्ट तिन्ही जपा. नुसत्या स्कॅनसाठी भरती न होता केलेला खर्च बऱ्याच पॉलिसींत मिळत नाही, पण भरतीच्या आधीच्या आणि नंतरच्या ठरावीक दिवसांतला खर्च मिळू शकतो. पॉलिसीच्या कागदात ते दिवस बघून ठेवा.

पुढचा स्कॅन जमेल तोवर त्याच सेंटरवर, त्याच मशीनवर करा. रिपोर्टात शुगरचा आकडा, डोस आणि इंजेक्शनपासून फोटोपर्यंतचा वेळ लिहिलेला असतो. नसला तर मागून घ्या, आणि पुढच्या वेळी सीडीबरोबर तोही कागद काउंटरवर द्या.